दाणापात्रावरची शिरगणती

एखाद्या गावात माणसे किती, हे शोधणे फारसे अवघड नाही. प्रगणक घरोघर जातात, कुटुंबातील माणसांची नोंद करतात आणि शेवटी बेरीज मांडतात. पण एखाद्या प्रदेशात पक्षी किती, हे कसे सांगायचे? पक्ष्यांना घरक्रमांक नसतो. ते एका जागी थांबत नाहीत. आता अंगणात उतरलेली साळुंकी आणि अर्ध्या तासाने उतरलेली साळुंकी एकच की निराळी, हेही आपल्याला सांगता येत नाही. शिवाय प्रदेश लाखो चौरस किलोमीटरांचा असला, तर इतक्या ठिकाणी एकाच वेळी नजर ठेवायला शास्त्रज्ञ आणायचे कोठून?

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत या प्रश्नावर एक सोपी युक्ती योजण्यात आली आहे. तेथे दर हिवाळ्यात हजारो सामान्य माणसे आपल्या घराच्या खिडकीशी बसून पक्षी मोजतात आणि आपले आकडे एका ठिकाणी पाठवतात. त्यांत शाळकरी मुले असतात, गृहिणी असतात, नोकरीतून निवृत्त झालेले आजोबाही असतात. यांतील बहुतेकांनी पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतलेले नसते. तरीही त्यांच्या आकड्यांवर आधारलेले संशोधन नामवंत शास्त्रीय नियतकालिकांत छापले जाते. हे कसे शक्य होते? आकडे हौशी माणसांचे आणि निष्कर्ष मात्र शास्त्रीय, हे कोडे आपण या लेखात उलगडून पाहू.

हिवाळा आणि दाणापात्र

त्या देशांच्या उत्तर भागात हिवाळा फार कडक असतो. झाडांची पाने झडून जातात, जमीन बर्फाने झाकली जाते, किडे दिसेनासे होतात. तापमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. अशा थंडीत चिकडी नावाचा एक चिमुकला पक्षी तग धरून राहतो. त्याचे वजन सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमणीच्या निम्म्याहूनही कमी. रात्री ऊर्जा वाचवण्यासाठी तो आपल्या शरीराचे तापमान दिवसापेक्षा सुमारे १० अंशांनी खाली आणू शकतो. सकाळ झाली की मात्र त्याला ताबडतोब अन्न हवे असते.

म्हणून तेथील पुष्कळ लोक अंगणात किंवा खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात. त्यासाठी टांगती नळकांडी, छोटी छपरे असलेल्या पेट्या किंवा साधे ताट वापरतात. या सर्वांना आपण ‘दाणापात्र’ म्हणू. त्यात सूर्यफुलाच्या बिया किंवा बारीक धान्य घालतात. सुतारपक्ष्यांसाठी चरबीचे गोळे टांगतात. उन्हाळ्यात रानात विखुरलेले आणि पानांआड दडलेले पक्षी हिवाळ्यात या दाणापात्रांवर उघड्यावर येतात. मोजणाऱ्याला रानात जावे लागत नाही. पक्षीच त्याच्या खिडकीशी येतात.

ओंटारिओतील सुरुवात

हौशी लोकांनी पक्षी मोजण्याची प्रथा त्या देशांत जुनीच आहे. तेथे नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पक्ष्यांची शिकार करण्याची चढाओढ होत असे. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने १९०० साली सुचवले, की या दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. त्या वर्षी २७ माणसांनी मोजणी केली. ही नाताळची गणना आजही चालू आहे. पण ती वर्षातून एकदाच होते. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत पक्ष्यांची ये-जा कशी होते, हे तिच्यावरून कळत नाही.

ही उणीव भरून काढणारी गणना कॅनडात सुरू झाली. ईरी सरोवराच्या उत्तर काठावर लाँग पॉइंट नावाची भूशिरासारखी एक चिंचोळी पट्टी आहे. तेथील पक्षी-वेधशाळेतर्फे डॉ. एरिका डन यांनी १९७६ साली ओंटारिओ प्रांतापुरती दाणापात्रांवरील पक्ष्यांची पाहणी सुरू केली. दहा वर्षांच्या अनुभवानंतर असे दिसले, की पद्धत चांगली आहे, पण एक प्रांत पुरेसा नाही. पक्षी प्रांताची सीमा ओळखत नाहीत. मग न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा या कामात सहभागी झाली आणि १९८७-८८ च्या हिवाळ्यापासून गणना दोन्ही देशांत पसरली. पहिल्याच हिवाळ्यात ४,००० हून अधिक लोकांनी नाव नोंदवले. या उपक्रमाचे नाव ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’. आता त्याचा मोसम नोव्हेंबरच्या आरंभापासून एप्रिलच्या अखेरपर्यंत असतो.

नियम पहिला : बेरीज करायची नाही

या गणनेचे नियम थोडे आहेत, पण प्रत्येकामागे विचार आहे. मोजणाऱ्याने लागोपाठचे दोन दिवस निवडायचे. त्या दोन दिवसांत जमेल तेव्हा दाणापात्राकडे पाहायचे. आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले, तेवढाच आकडा लिहायचा.

उदाहरण घेऊ. जंको नावाचे राखाडी पक्षी थव्याने येतात. समजा, शनिवारी सकाळी आठ वाजता तुम्हांला ४ जंको दिसले, साडेनऊला ७ आणि दुपारी ३. रविवारी सकाळी ५ दिसले आणि संध्याकाळी ९. तुम्ही कोणता आकडा लिहाल? सगळ्यांची बेरीज २८ होते. प्रत्येक दिवसाचा मोठा आकडा घेऊन बेरीज केली, तर १६ होतात. पण लिहायचा आकडा आहे ९.

असे का? चिकडीकडे पाहा. ती दाणापात्रावर येते, एक बी उचलते, उडून जाते, ती खाते किंवा सालीच्या फटीत लपवून ठेवते आणि पुन्हा येते. तीन चिकड्या सकाळभरात प्रत्येकी वीस फेऱ्या करतील. फेऱ्या मोजल्या तर ६० पक्षी झाले, प्रत्यक्षात तीनच. ९ या आकड्याबद्दल मात्र एक गोष्ट खात्रीने सांगता येते : त्या जागी निदान ९ जंको होतेच. एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याची शक्यता येथे उरत नाही.

तुम्ही म्हणाल, “पण हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असणार!” बरोबर आहे. परिसरातले सगळे पक्षी एकाच क्षणी दाणापात्रावर येत नाहीत. पण त्याने बिघडत नाही. तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक आठवा. तालुक्यात पडलेला सगळा पाऊस तो काही गोळा करत नाही. त्याच्या तोंडाएवढ्या जागेतला पाऊसच तो मोजतो. तरीही तोच पर्जन्यमापक त्याच जागी वर्षानुवर्षे ठेवला, की यंदा पाऊस कमी की जास्त हे कळते. अशा आकड्याला निर्देशांक म्हणतात. निर्देशांकाकडून एकूण संख्येची अपेक्षा नसते. चढउतार कळला म्हणजे झाले. अट एकच : मोजण्याची रीत बदलता कामा नये. म्हणून मोजणाऱ्याने ठरवलेली जागा तीच ठेवायची असते. आपण किती वेळ पाहिले, हेही लिहायचे असते. कारण दहा तास पाहणाऱ्याला एक तास पाहणाऱ्यापेक्षा जास्त पक्षी दिसणारच.

नियम दुसरा : शून्यही कळवायचे

आता सर्वांत महत्त्वाचा आणि पाळायला सर्वांत कठीण नियम. काही दिसले नाही, तरी कळवायचे. माणसाचा स्वभाव असा, की वेगळा पक्षी दिसला तर तो उत्साहाने चार लोकांना सांगतो. दोन दिवस खिडकीशी बसून काहीच दिसले नाही, तर गप्प बसतो. त्याला वाटते, यात कळवण्यासारखे काय आहे?

काय आहे, ते एका गणितावरून समजेल. समजा, १०० घरांत मोजणी होते. पहिल्या वर्षी एक विशिष्ट पक्षी ५० घरी दिसला आणि तेथे सरासरी १२ चा थवा होता. काही वर्षांनी तो २५ घरी दिसला आणि थवा सरासरी ९ चा होता. ज्यांना पक्षी दिसला त्यांनीच पत्रे पाठवली, तर आपल्याकडे दोन आकडे येतील : १२ आणि ९. आपण म्हणू, पक्षी चतुर्थांशाने घटला. आता शून्ये धरून गणित करा. पहिल्या वर्षी एकूण ६०० पक्षी १०० घरांत, म्हणजे सरासरी ६. नंतर २२५ पक्षी १०० घरांत, म्हणजे सरासरी २.२५. घट २५ टक्के नव्हे, ६२.५ टक्के! पक्षी नाहीसा होत असताना शून्ये गाळली, तर तो आहे त्यापेक्षा सुस्थितीत भासतो.

हे केवळ कल्पनेतले गणित नाही. इव्हनिंग ग्रोसबीक हा जाड चोचीचा, पिवळ्या-काळ्या रंगाचा देखणा पक्षी. एकेकाळी त्याचे मोठे थवे दाणापात्रावरील बिया पाहता पाहता फस्त करत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १९८८ ते २००६ या काळातील फीडरवॉचचे आकडे तपासण्यात आले. हा पक्षी दिसलेल्या जागांचे प्रमाण निम्म्यावर आले होते. आणि जेथे तो अजून दिसत होता, तेथेही थव्याचा सरासरी आकार २७ टक्क्यांनी घटला होता. दोन्ही गोष्टी एकत्र धरून वरच्यासारखे ढोबळ गणित करून पाहा : ०.५० गुणिले ०.७३ म्हणजे सुमारे ०.३७. शंभराच्या जागी सदतीस. “आमच्याकडे हल्ली तो दिसत नाही” हे एकेकट्या माणसाचे वाक्य पुरावा ठरत नाही. तीच गोष्ट हजारो जणांनी ‘शून्य’ म्हणून नेमाने लिहिली, तेव्हा तिचा पुरावा झाला.

चुकांचे काय?

हौशी माणसांच्या हातून चुका होणार नाहीत का? होणारच. पण चुका दोन प्रकारच्या असतात. कोणी ९ चे ८ मोजले, कोणी ७ चे ८ मोजले. या चुका कधी इकडे, कधी तिकडे होतात आणि हजारो नोंदींत एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खोडून काढतात. दुसऱ्या चुका एकाच दिशेच्या असतात. सगळेच जण चांगल्या दिवसाचेच आकडे पाठवू लागले, तर लाख नोंदी जमवूनही ती चूक भरून निघणार नाही; उलट चुकीचे उत्तर अधिक ठाम वाटू लागेल. फीडरवॉचचे नियम मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या चुका रोखण्यासाठी आहेत. म्हणूनच मोजणीचे दिवस आधी ठरवायचे. आज पक्षी खूप आलेत म्हणून आजच मोजू, असे करायचे नाही.

शिवाय एखाद्या प्रदेशात सहसा न आढळणारा पक्षी किंवा फार मोठा आकडा नोंदीत आला, तर ती नोंद वेगळी काढली जाते आणि जाणकार पाठवणाऱ्याला वर्णन किंवा छायाचित्र विचारतात. असे विचारण्यात अविश्वास नसतो. प्रयोगशाळेतही अनपेक्षित उत्तर आले, तर प्रयोग पुन्हा करून पाहतातच.

सुजलेल्या डोळ्यांचे पक्षी

अशा मोजणीचा उपयोग संकटकाळी कसा होतो, याचे एक उदाहरण पाहू. हाउस फिंच हा चिमणीएवढा पक्षी. नराचे डोके आणि छाती लालसर असते. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. पिंजऱ्यात पाळण्यासाठी तो पूर्वेकडे न्यूयॉर्कला नेऊन विकला जात असे. पण रानपक्ष्यांच्या विक्रीला कायद्याने बंदी होती. १९४० च्या सुमारास कारवाईच्या भीतीने काही पक्षी लाँग आयलंड भागात सोडून देण्यात आले. त्यांची प्रजा वाढत गेली आणि पुढील पन्नास वर्षांत ती पूर्व भागात सर्वत्र पसरली.

१९९४ च्या आरंभी वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील लोकांना दाणापात्रांवर विचित्र दृश्य दिसू लागले. फिंचांचे डोळे लाल, सुजलेले, चिकटलेले होते. काही पक्ष्यांना दिसतच नव्हते. असे पक्षी भुकेने, थंडीने किंवा मांजराच्या तावडीत सापडून मरतात. तपासणीत रोगाचे कारण सापडले : मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जीवाणू. तोपर्यंत तो मुख्यतः कोंबड्या आणि टर्की यांच्या रोगाचे कारण म्हणून ठाऊक होता.

रोग किती वेगाने आणि कोणत्या दिशेने पसरतो आहे, हे शोधायला अर्ध्या खंडावर पहारा हवा होता. तो पहारा खिडक्यांशी बसलेलाच होता! नोव्हेंबर १९९४ मध्ये कॉर्नेलच्या प्रयोगशाळेने या लोकांना फिंचांच्या डोळ्यांकडे लक्ष द्यायला सांगितले. आजारी पक्षी दिसले तर कळवाच, पण फक्त निरोगी दिसले तरीही कळवा, अशी सूचना होती. का, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. ‘येथे रोग नाही’ ही नोंद नसेल, तर ‘येथे रोग आज पोचला’ हे कसे कळणार? त्या नोंदींवरून रोगाची वाटचाल नकाशावर महिन्यामहिन्याने काढता आली. अवघ्या काही वर्षांत तो पूर्व भागात बहुतेक ठिकाणी पोचला होता.

हौशी लोकांच्या गणनांवरून आणखी एक गोष्ट निघाली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. जेथे फिंच दाटीने राहत, तेथे त्यांची संख्या जास्त घटली. जेथे मुळात विरळ होते, तेथे कमी. रोग एका पक्ष्यापासून दुसऱ्याला लागत असेल, तर हे असेच घडायला हवे. आणि पक्षी एकमेकांच्या निकट कोठे येतात? दाणापात्रावर! ज्या भोकात आजारी पक्ष्याने डोके घातले, त्यातच निरोगी पक्षीही घालतो. म्हणून मोजणाऱ्यांना सांगण्यात येते, की दाणापात्रे वरचेवर धुवा आणि आजारी पक्षी दिसला तर ती काही दिवस काढून ठेवा. पक्ष्यांना दाणे घालणे ही केवळ दया नव्हे. तिच्याबरोबर जबाबदारीही येते.

या गणनेला काय साधत नाही?

प्रत्येक उपकरणाची मर्यादा ओळखूनच ते वापरावे लागते. दाणे न खाणारे कित्येक पक्षी दाणापात्रावर येतच नाहीत. त्यांच्याविषयी ही गणना मुकी आहे. मोजणारी माणसे घराशेजारी मोजतात, त्यामुळे दूरच्या जंगलांची माहिती तिच्यातून मिळत नाही. आणि तिसरी गोष्ट : मोजणी ‘किती’ सांगते, ‘का’ ते सांगत नाही. ग्रोसबीक घटले हे आकड्यांनी दाखवले. त्याची कारणे रानातल्या अन्नात, रोगात की जंगलतोडीत, यासाठी निराळे संशोधन लागते. पण घट झाली हेच कळले नसते, तर कारण शोधायला कोणी निघालेच नसते.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्याकडे बर्फ पडत नाही आणि पक्षी मोजण्यासाठी दाणे टाकण्याची गरजही नाही. शहरात दाणे टाकले, तर बहुधा पारव्यांचीच गर्दी होते. पण मोजणीची तत्त्वे तीच राहतात. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या परसातील पक्षिगणनेत भारतातील पक्षिनिरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत. ही गणना दर फेब्रुवारीत चार दिवस चालते. निदान पंधरा मिनिटे एका ठिकाणी थांबून किंवा फिरून, दिसलेल्या सर्व जातींची यादी करायची असते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली निघालेला अहवाल ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला होता आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला होता.

अशा नोंदी नसल्या म्हणजे आपण केवळ समजुतीवर चालतो. चिमणीचेच घ्या. “चिमण्या संपल्या” असे आपण सर्रास ऐकतो. २०२० च्या अहवालात आकडे तपासले, तेव्हा देशभरात चिमणीची संख्या एकंदरीत स्थिर दिसली. मुंबईसारख्या महानगरांत मात्र ती घटत असल्याचे आढळले. म्हणजे समजूत पूर्ण खोटीही नव्हती आणि पूर्ण खरीही नव्हती. कोठे काय करायला हवे, हे ठरवण्यासाठी हा फरक कळणे आवश्यक असते.

करून पाहा

आपल्याकडे हिवाळा सरता सरता काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. फुललेले झाड हे निसर्गाने मांडलेले दाणापात्रच! साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, हिवाळी पाहुण्या भोरड्या असे अनेक पक्षी मधासाठी किंवा किड्यांसाठी त्यावर येतात. शाळेजवळचे असे एक झाड निवडा आणि वर्गात चार-चार जणांचे गट करा.

१. मोजणीचे दिवस आणि वेळ आधीच ठरवा. उदाहरणार्थ, दर शनिवारी सकाळी साडेसात ते आठ.

२. दर वेळी त्याच जागी उभे राहा. तारीख, वेळ आणि हवामान लिहा.

३. प्रत्येक जातीचे एकाच वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहा. फेऱ्यांची बेरीज करू नका.

४. ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी’ असे लिहून वर्णन करा. अंदाजाने नाव देऊ नका.

५. एखादा नेहमीचा पक्षी आला नाही, तर त्याच्यापुढे ० लिहा. रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना म्हणजे ‘पाहिले नाही’ आणि शून्य म्हणजे ‘पाहिले, पण नव्हता’.

फुले गळेपर्यंत मोजणी चालू ठेवा. मग आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर पक्ष्यांची संख्या घेऊन आलेख काढा. शिक्षकांनी ही वही जपून ठेवावी आणि पुढील वर्षी त्याच झाडाखाली नव्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. एका वर्षाची वही म्हणजे नुसती यादी असते. दहा वर्षांच्या दहा वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, की त्यांतून त्या परिसराचा इतिहास वाचता येतो.

उत्तरे शोधा

अ) एका गटाला शनिवारी बुलबुल असे दिसले : २, ५, ४, ५, १. नोंदवहीत कोणता आकडा लिहावा?

आ) या वर्षी दुर्बीण मिळाल्यामुळे वर्गाला गतवर्षीपेक्षा दुप्पट शिंजीर दिसले. शिंजीर वाढले, असे म्हणता येईल का? का?

इ) ४० शाळांपैकी २० शाळांत भोरड्या दिसल्या, सरासरी १५. पुढच्या वर्षी १० शाळांत दिसल्या, सरासरी १५ च. शून्ये धरली आणि न धरली, तर उत्तरांत काय फरक पडतो, ते गणित करून दाखवा.